दीड मिलिमीटर

खोकं उघडलं तेव्हा गॅरेजात
परक्या मुलखातल्या ग्रीसचा वास सुटला
आणि वजीर मिस्त्रींनी आधी हात धुतले.

मंठा नाक्याच्या आत, वेल्डिंगवाल्याच्या शेजारी,
लाहोटी शेठची शेवरले पौषापासून उभी आहे.
सत्तावन्नची. रंग पिस्ता.
आठ सिलिंडर, इकडे चार तिकडे चार,
पंगतीत समोरासमोर बसल्यासारखे.
बोनेट काढून भिंतीला टेकवलंय,
त्याच्या सावलीत मांजर व्यालीय.

खोक्यावर नीरवचं अक्षर.
ओहायोत पगारातून मागं टाकत टाकत
पोरानं धाडलंय:
चार तोंडांचा धिप्पाड कार्बोरेटर,
शर्यतीचा कॅमशाफ्ट, दुपदरी टायमिंग चेन,
आणि चिठ्ठी, "पप्पा, आता ही उडेल."

शेठ खुर्ची ओढून बसले, चहा सांगितला.
"सगळं बसवा."

मिस्त्री मला म्हणाले, रजिस्टर काढ.
आठवीपासून मीच लिहिते त्यांचं.
बोअर, स्ट्रोक, कॉम्प्रेशन साडेआठ,
स्प्रिंगा जुन्या, ब्रेकला व्हॅक्यूमचा टेकू.
मग माझ्या भाच्याची खेळायची चिकणमाती मागवली,
हिरवी, तिचा अर्धा हत्ती झालेला होता.
सोंड तोडली, तेलाचं बोट लावलं,
पिस्टनच्या डोक्यावर थापली,
नवा कॅमशाफ्ट घातला, हेड चढवलं,
आणि हातानं, हातानंच,
दोन फेरे फिरवलं इंजिन
दळण दळावं तसं.

दुपार गेली त्यात.

हेड उतरवलं. माती ब्लेडनं कापली.
व्हर्नियर माझ्याकडं दिला: वाच.
दीड मिलिमीटर.
अडीच लागतं.
गरम झाल्यावर, पळत्या गाडीत,
व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला जाईल
आणि ती भेट एकदाच होईल.

"नै बैठता शेठ," मिस्त्री म्हणाले.
"तुम्ही बियाणं विकता. मुरमाड रानाला
कधी काळ्या जमिनीचं वाण दिलंय का?"
"गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर देतो की,"
शेठ म्हणाले, आणि दोघंही हसले,
पण शेठ जरा लवकर थांबले.

मग मिस्त्री सांगत बसले, पाना पुसत पुसत.
हा कॅमशाफ्ट चार हजार फेऱ्यांनंतर जागा होतो.
तोवर मोंढ्याच्या गेटात, सरकीच्या ट्रॅक्टरमागं,
गाडी खोकत राहील.
व्हॅक्यूम पडेल, ब्रेक दगड होईल.
कार्बोरेटरचा घोट एवढा मोठा
की तहानेआधी ठसका.
बारका घ्या, निम्म्याहून थोडा वरचा.
कॅमशाफ्ट सौम्य, स्प्रिंगा त्याच्या मापाच्या,
रेडिएटरला एक पदर जास्त,
इथलं ऊन त्या पोराच्या पुस्तकात नसतं.
एक बदललं की बाकीच्यांना विचारावं लागतं, शेठ.

चहावर साय धरली.

"त्याला काय सांगू?"

वेल्डिंगवाल्याकडं दोनदा उजेड झाला.
कुणी काही बोललं नाही.
शेठ खोक्यातला कागदी भुसा
उगाच नीट करत होते.
"यातलं एक तरी बसवा, मिस्त्री.
कसलंही."

वजीर मिस्त्रींनी चेन उचलली,
उजेडाकडं धरली, कडी न् कडी बोटांतून सोडली.
दात मोजले. परत मोजले.
ही चालती.

ठिपक्यासमोर ठिपका आणून
त्यांनी ती चढवली.
झाकण लावायच्या आधी शेठ म्हणाले, थांबा,
आणि वाकून फोटो काढला,
धोतराला काळं लागलं तरी हललेला आला,
म्हणून आणखी एक.
मग झाकण. दहा बोल्ट.
आता ती कुणालाच दिसणार नाही.

मी लिहिलं:
कॅमशाफ्ट एक, कोरा, तेल लावून, माळ्यावर.
कार्बोरेटर एक, तसाच.
मालक: यापुढं मी जरा थांबले,
आणि नीरव लिहिलं.

रात्री भाच्यानं माती मागितली.
दिली. तेलाचा वास येत होता,
आणि एका तुकड्यावर व्हॉल्व्हनं
चंद्रकोर उठवून ठेवली होती.
त्यानं ती पुसली नाही.
हत्तीच्या कपाळाला लावून टाकली.