मोजणी

जाहिरातीत होतं, चिलर फ्री.
मी वाचलं चिल्लर.
म्हटलं, बरं झालं, सुट्ट्या पैशांची कटकट तरी नाही.
रियाज पारकर हसला. दापोलीचा, इथे घरं दाखवतो.
"एसीचा गारवा ओ ताई, भाड्यात धरलेला.
चिल्लर तर हितं कोणालाच फुकट गावत नाय."

चार दिवसांत अकरा घरं.
करामात खाली गरम पोळी-भाजी, वर गादीत ढेकूण.
एका ठिकाणी खोलीचे प्लायवूडने दोन तुकडे,
पलीकडून कोणीतरी हळू आवाजात
अम्मे, अम्मे, म्हणत होतं,
बाकीचं मल्याळम मला कळलं नाही.
विजेच्या खांबांवर चिठ्ठ्या: बेडस्पेस, शाकाहारी,
खिडकीजवळचा पलंग शंभर दिरहम जास्त.

वैजापूरहून फोन. "किती स्क्वेअर फूट?"
मी सांगते. तो तिकडे भागाकार करतो,
चार चेक की सहा, शाळेची बस कुठून,
मी येईन तेव्हा मला काम मिळेल असं काही जवळपास.
मागून अन्विता: "लिफ्टला किती बटणं आहेत?"
बटणंच तेवढी मोजली नव्हती.

माझे वडील भूमी अभिलेखात मोजणीदार.
साखळी ओढत बांधाबांधाने हिंडले,
दोन्हीकडच्या भावांच्या शिव्या खाल्ल्या.
म्हणायचे, कागद बसून वाचावा, जमीन चालून वाचावी.
निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही.
ओट्यापासून पोस्टापर्यंत तीनशे बारा.
शेवटच्या महिन्यात पलंगापासून मोरीपर्यंत सात.
मग नऊ.
मग अकरा.
घर तेवढंच होतं.

माझी शिफ्ट चारची, जेबेल अलीला,
पाकिटांची सीलं तपासायची.
कंपनीची बस पावणेतीनला, पेट्रोल पंपासमोर.
म्हणून पाचव्या दिवशी, जुलैत, अडीच वाजता
मी रियाजला म्हटलं, किल्ल्या राहू देत खिशात.
चालू या.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे,
मग गाडीतून पाण्याच्या दोन बाटल्या काढल्या.

रस्ता एकच. अल्याड दुबई, पल्याड शारजा,
मधल्या दुभाजकावर एक मांजर, कुठल्याच भाड्यात न बसणारं.

पल्याडची इमारत: चारशे साठ पावलं,
चारशे तीस उन्हात.
भाडं कमी, दोन खोल्या, ओट्याला काळा दगड,
मला तो ओटा फार आवडला होता.

अल्याडची: दोनशे पाच.
त्यातली एकशे ऐंशी शेजारच्या हॉटेलच्या सावलीत.
खोली एक. बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी.
स्वयंपाकघरात दोघं उभी राहिली
तर एकाने श्वास सोडेपर्यंत दुसऱ्याने धरायचा.

मी पंपाशी येऊन थांबले.
डोकं तापलं होतं, पण पाय हिशेब विसरले नव्हते.

रियाज म्हणाला, "खोटं नाय सांगत ताई,
ही सावली जुलैची हाय.
डिसेंबरात ती मशिदीच्या पार्किंगवर जाते."
मी म्हटलं, जाऊ दे.
डिसेंबरात मला ऊनच लागेल.

रात्री फोनवर परत, "मग, केवढं आहे?"
"पंचवीस पावलं ऊन."
"म्हणजे?"
"म्हणजे घेतलं. सहा चेक.
आणि अन्विताला सांग, चौदा बटणं,
तेरावं नाही, बाराच्या पुढे एकदम चौदा, वर गच्चीचं एक.
नववं आपलं."
तो गप्प. त्याचा भागाकार अजून चालू असावा.
काळ्या ओट्याबद्दल मी काही बोलले नाही.

सही करताना रियाजने विचारलं,
"तुमची दोनशे पाच ना? मीपण मोजत व्हतो.
माझी एकशे सत्तर भरली."
पाय लांब त्याचे.
मी पावतीच्या मागे माझीच लिहिली.