लीस्ट काउंट

धनकवडीहून स्टेशनपर्यंत एकेचाळीस गतिरोधक आहेत.
महापालिकेला माहीत नसेल, मला आहे.
रिक्षावाला समजूतदार निघाला तर बत्तीसच लागतात,
उरलेले तो कडेकडेने काढतो.

भोसरीत सव्वीस वर्षं मी तपासणीला होतो.
व्हर्नियर, मायक्रोमीटर, गो आणि नो-गो.
शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं
की लाल ठिपका, माल बाजूला.
आता डॉक्टरीणबाई विचारतात, दहापैकी किती?
मी म्हणतो, बाई, या पट्टीचा लीस्ट काउंट काय?
त्या हसतात. सात लिहितात.

सात म्हणजे काय ते सांगतो.
उजव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत
कुणीतरी टॅप फिरवतंय, आटे पाडतंय,
आणि कटिंग ऑइल घालायला विसरलंय.
दोन ऑपरेशनं झाली. मणका जागेवर आहे, असं फिल्म म्हणते.
फिल्मवर मी पास आहे.

मॉर्फिन.
दुकानात हा शब्द मी हळू आवाजात उच्चारतो,
तरी मागची रांग गप्प होते.
केमिस्ट चिठ्ठी उजेडात धरतो, पाचशेची नोट धरावी तशी.
"आम्ही ठेवत नाही."
आणि नजर माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला.
म्हणून मग स्टेशन, दवाखाना, जाड रजिस्टर,
रिकामी पाकिटं परत, सही, पुन्हा सही.
इतकी वर्षं गेज मी लावला,
आता मला लावतात.

मेव्हणा प्रल्हाद. सकाळी पर्वती, संध्याकाळी सल्ला.
"दाजी, मन खंबीर करा. अफू ती अफूच."
मागच्या महिन्यात त्याची दाढ दुखली,
फोनवर रडला. मी काही बोललो नाही.
खरं सांगायचं तर बोललो.

उन्हाळ्यात लाजेने मी गोळी अर्धी केली.
ब्लेडने, बरोबर मध्यावर, हात अजून चांगला आहे.
अकरा दिवस.
लोक म्हणाले, बघा, जमतंय की.
अकरा दिवस मी बाथरूमच्या नळाला धरून उभा होतो.

शैलाने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
दुधाच्या खुणांशेजारी माझ्या गोळ्या मांडल्यात.
मला वाटायचं, पहारा.
ती भाजीला गेली असताना एकदा चष्मा लावून वाचलं:
"दोन. नारळ खवला."
"दोन. जिना उतरले. पार्किंगवरून भांडले."
"एक. भांडले नाहीत. बोललेच नाहीत."
त्या अकरा दिवसांचे चौकोन कोरे.
फक्त एकात, पेन्सिलीने, बारीक:
"हे कोण?"

आई ब्याऐंशीची. भवानी पेठेत विड्या वळायची.
पैसे हजारावर,
आणि मी रडलो तर हजार भरायचे नाहीत.
म्हणून नखावर राईएवढी अफू, दुधातून.
तेंदूच्या पानांच्या टोपलीशेजारी
मी दिवसच्या दिवस झोपायचो.
सगळ्याच जणी द्यायच्या, म्हणते ती,
आणि पदराचं टोक चाचपत राहते.

परवा रात्री, दिवा घालवल्यावर, तिने विचारलं,
"मीच लावली का रे तुला?"

मला हसू आलं. मग आलं नाही.
म्हटलं, आई, ते छपन्न वर्षांपूर्वीचं.
हे वेगळं, हे नसेचं, चिमटा बसलाय नसेला.
तिला पटलं नाही.
तिच्या मोजणीत सगळं एकाच हिशेबात येतं,
पान, दूध, नख, मी.

गोळी लागू पडायला चाळीस मिनिटं जातात.
तेवढा वेळ ती उशाशी बसते,
पाठीवर नाही, तिथे नको म्हटलंय,
कपाळावर थोपटते, त्याच बोटांनी.
मध्येच डुलकी लागते तिला, हात थांबतो,
दचकून पुन्हा सुरू होतो.

किती वेळा, ते मी मोजत नाही.