चिमूटभर कमी

तोकुएबाई यंत्र घेऊन दारात आली
तेव्हा मिसोच्या सुपाला नुकती उकळी येत होती.
थर्मामीटरएवढं यंत्र. वाटीत बुडवलं,
आकडा पाहिला, आणि काहीच बोलली नाही.
तिचं हे न बोलणं माझ्या ओळखीचं:
माझ्या थोरल्या भावाच्या वाटीपुढेही
ती अशीच गप्प झाली होती.
त्या हिवाळ्यात फावडं हातात धरूनच
तो अंगणातल्या बर्फात बसला, उठला नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
त्याचं रक्त जागलं.

नागानोच्या या डोंगरात मीठ ही चैन नव्हती.
पाच महिने बर्फ. पिंपात पालेभाजी, वर दगड,
दगडाखाली सुटत जाणारं पाणी,
आईचे हात कोपरापर्यंत लाल.
मीठ होतं म्हणून आम्ही मार्च पाहिला.
आता फ्रीज आहे, रस्ता आहे, मंगळवारी भाजीचा ट्रक येतो.
जिभेला हे कुणी कळवलेलं नाही.

"एकदम नको," तोकुए म्हणाली. "चिमूटभर कमी कर.
पुढच्या महिन्यात अजून चिमूट.
म्हातारी आहे तुझी जीभ,
जिना उतरवताना हात धरावा लागेल."

मी हो म्हणालो.
ती वळणापलीकडे गेल्यावर बरणी पुन्हा उघडली.

जुलैच्या शेवटी नात आली. मिओरि, वय आठ,
गळ्यात दोरीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं कार्ड.
सकाळी साडेसहाला देवळाच्या अंगणात
रेडिओवरची कवायत; हजर राहिलं की एक शिक्का.
"आजोबा, वाटेत अस्वल असलं तर?"
अस्वलाशी बोलायला म्हणून मी निघालो.

पहिला दिवस: हात खिशात.
दुसरा दिवस: एक हात खिशात.
तिसऱ्या दिवशी पियानो वाजला
आणि दोन्ही हात आपोआप वर गेले,
शाळा सोडून साठ वर्षं झाली हे
त्यांना माहीतच नसल्यासारखे.
खांद्याला मात्र माहीत होतं. कळवळला.

घरी येऊन तिनं सुपाचा एक घोट घेतला.
"हा समुद्र आहे."
"समुद्र पाहिलायस तू?"
"हो. तू नाही?"
दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा घाईत.

मग सौदा ठरला:
तिनं वांग्याच्या तीन फोडी खायच्या,
मी बरणीत बोटं जरा उशिरा घालायची.
ती नाक दाबून गिळायची, मी तोंड वाकडं करून.
अळणी. अळणी. आठवडाभर हाच एक शब्द
जेवणाला तोंडी लावला.

ऑगस्टअखेर ती मात्सुमोतोला गेली.
कार्डावर दोन घरं रिकामी:
एका दिवशी धो धो पाऊस,
एका दिवशी आदल्या रात्रीचे पीच.

दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरातच रेडिओ लावला.
एकट्यानं कंबर वाकवताना भिंतसुद्धा हसते.
मोठ्यांना शिक्का देत नाहीत,
म्हणून कॅलेंडरवर माझीच मोहोर उठवली,
जमिनीच्या कागदांवर उठवतात ती.
ऑक्टोबरात सफरचंदं उतरवताना
सलग चार दिवस कोरे गेले.
संपलं, म्हटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही;
पण चांगली खोड कशी लागते
हे म्हणीत कुणी सांगून ठेवलेलं नाही.
पाचव्या दिवशी विशेष काही घडलं नाही.
उठलो. लावला.

नव्या वर्षाला मिओरि आली.
बाहेर खिडकीपर्यंत बर्फ.
सूप प्यायली, वाटी खाली ठेवली,
माझ्याकडे रोखून पाहिलं:
"आजोबा, मीठ विसरलास."

विसरलो होतो खरा.
हात बरणीकडे गेला,
झाकणावर क्षणभर टेकला,
आणि तिथून तसाच पुढे रेडिओच्या बटणावर.
साडेसहाला एक मिनिट होतं.
तिकडे कुठेतरी पियानोवाला बोटं मोडत असेल.