एल, आय, पुढे काही नाही

पहाटे सव्वासहाला फोन.
लश्करात धुकं असं की समोरच्या गच्चीवरची टाकी गायब.
"इंदापूरकर. दौलतगंज.
पडद्यावर एल, आय.
पुढे काही नाही."

नमस्कार नाही, कसं काय नाही.
छत्तीस वर्षं तारघरात काढलेला माणूस,
शब्दाला पैसे पडतात हे जिभेत मुरलेलं.

गावात तेव्हा लिनक्सवाले आम्ही चौघं.
हजिऱ्याचा तोमर, ज्याचा मोडेम आजन्म मुका.
नई सडकेवरच्या होमिओपॅथ कर्करेबाई,
त्यांच्या पडद्यावर सगळं चार बोटं डावीकडे सरकलेलं,
त्या मान तिरकी करून काम करत आणि तक्रार करत नसत.
इंदापूरकर. आणि मी, एजी ऑफिसातली क्लार्क,
जिला बाकीचे मॅडम म्हणत,
कारण मी तीन आठवडे आधी सुरुवात केली होती.
सीडी एकच, मासिकाबरोबर आलेली, हातोहात फिरलेली.
तिच्यावर एक चरा होता,
म्हणून चौघांच्याही घरी तीच एक फाइल कमी.

मी त्यांना सांगितलं,
उठताना ते आपलं नाव घेतं. एल, आय, एल, ओ.
एकेका पायरीला एकेक अक्षर.
कुठे थांबलं त्यावरून कळतं पाय कुठे अडकला.
"म्हणजे अर्धी तार."
हो. काल काय केलंत?
"काही नाही."
(सगळे हेच म्हणतात.)
मग बऱ्याच वेळाने, ओशाळून,
"आवराआवर. बूट नावाच्या कप्प्यात
एक फाइल सुटी पडलेली.
नीट उचलून दुसरीकडे ठेवली."

फ्लॉपी स्वेटरच्या आत, छातीशी, लूना पडावाच्या चढावर धापा टाकते.
गारठलेली फ्लॉपी वाचली जात नाही असा माझा समज होता,
खरा की खोटा, आजतागायत ठाऊक नाही.
त्यांनी गजकची बशी पुढे केली, कीबोर्डपासून हातभर लांब.
मी टाइप करत होते. ते पडद्याकडे बघतच नव्हते,
डोळे मिटून डबा ऐकत होते.
"वाचतंय," म्हणाले. मग, "आता लिहितंय."
आणि चारही अक्षरं आली तेव्हा
वहीत वेळ टाकली, सात त्रेपन्न,
आणि पुढे एकच शब्द: पोच.

ती वही मी तेव्हा नीट पाहिली नाही.

मे महिन्यात लाइट गेली आणि आली,
पुन्हा गेली, आली,
आणि माझं मशीन उठून मला प्रश्न विचारू लागलं.
हा तुकडा कुणाचा? दुरुस्त करू? हो की नाही?
तीन आठवड्यांची मॅडम मी, बोट वायवर ठेवून थिजले.
रात्री अकराला फोन केला.
"ठेव. मी लावतो," म्हणाले,
म्हणजे मीटर त्यांचं फिरेल.
पानं उलटल्याचा आवाज.
"नोंद एकोणीस. तोमर. हेच.
वाय दाबत राहा. फार वेळा विचारेल."

विचारलं. चाळीस मिनिटं विचारत होतं.
मी वाय म्हणायची, पलीकडून
रिसिव्हरवर नखाची एक टिचकी.
वाय. टिक्. वाय. टिक्.
एवढा वेळ, एकही शब्द नाही,
आणि पैसे चालूच.

शेवटी एक कप्पा उरला, हरवलं-सापडलं नावाचा.
आत फाइली, नावं पुसलेली, नुसते आकडे.
वाचून दाखवले.
"बिनपत्त्याचं टपाल," ते म्हणाले.
"उघडून बघावं लागेल.
आम्हाला परवानगी नसायची."

थोडं थांबले.
"तुझंच आहे ना?
मग उघड की."