मापाचा डबा

आईच्या दुकानात अजून तोच डबा आहे,
सिगारेटचा, काठ गंजलेला.
त्याने ती मीठ मापते.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडचं मीठ संपलं.
म्हणजे सगळ्या मुलखातलंच.
केळीच्या सालांची राख पाण्यात कालवून, गाळून
कसाव्याच्या पाल्यावर ओतायचो.
धाकट्या भावाचे केस तांबूस झाले, पाय सुजले.
शेजारीण म्हणाली, बाळसं धरलंय हो पोरानं.
आईने तिला उत्तर दिलं नाही.

त्याच रात्री ओयिरिदिया, माझी आई,
आणखी सहा जणींबरोबर इमो नदी उतरली,
दोन सैन्यांच्या मधून, शत्रूच्या बाजाराला.
त्या जाण्याला आमच्यात 'हल्ला' म्हणत,
जणू बायकांच्या हातात बंदुका होत्या.
हातात चपला होत्या.
वाजू नयेत म्हणून.

अकराव्या दिवशी चौघी परतल्या.
आईच्या कमरेच्या कापडात, दुमडीत शिवलेलं मीठ.
पलीकडे एक शिपाई होता, तेर्वेर नावाचा,
बेनुए नदीकडचा. त्याने सोडलं,
एवढं ती सांगते.
किती दिवसांनी सोडलं, ते सांगत नाही.

अलीकडच्या नाक्यावर आपल्याच पोरांनी
अर्धं काढून घेतलं. देशासाठी, म्हणाले.
उरलेलं तिने दारोदार वाटलं, चिमूट चिमूट.
बायका तळहात चाटत रडल्या,
आठवडाभर तिला आशीर्वाद देत राहिल्या.
मीठ सरलं तशी कुजबुज सुरू झाली:
पण हिला ते मिळालं कसं?

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
कोणी कोणाचं खाल्लं
ते ठरवायला कुठली पंचायत बसली नाही.

भाऊ वाचला. ओनित्शाच्या रस्त्यावर ट्रक चालवतो,
ताटात वरून मीठ घेतो,
डॉक्टरचं ऐकत नाही.

नाक्यावरच्या त्या पोरांपैकी एक, ओकेझी,
आता म्हातारा, एक पाय लाकडाचा,
दर ओरिए बाजाराला येतो.
त्याने तिला ओळखलंय का, मला कळत नाही.
तो डोळे वर करत नाही.

बाकी सगळ्यांना आई डबा शिगोशीग भरून देते,
वर आणखी चिमूटभर.
त्याचा डबा भरला की
काठावरून बोट फिरवते, सावकाश,
एक खडाही वर राहू देत नाही.
तो पैसे देतो. ती मोजून घेते.
मग पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवते.
'बस जरा. ऊन आहे.'