निम्मे तुमचे, निम्मे आमचे

इस्फाराच्या वरच्या अंगाला, नदी जिथे कालव्यांत वाटली जाते,
तिथे मुकद्दसच्या छपरावर जर्दाळू वाळत असत
आणि जर्दाळूंवर माश्या.
पाहुण्यांनी आधी माश्यांचाच फोटो काढला.

मी दुभाषी. इकडचं तिकडे न्यायचं,
वाटेत काही सांडू द्यायचं नाही.
एस्पेन म्हणाला, खासगी क्षेत्राची वाढ.
मी म्हटलं, तुझा धंदा वाढावा असं यांना वाटतं.
ती म्हणाली, मला तर केव्हाचं वाटतंय.
हे मी तिकडे नेलं नाही.

यंत्राची निम्मी किंमत ते देणार, निम्मी तिने घालायची.
निम्मी म्हणजे दोन गाई
आणि नवऱ्याने येकातेरिनबुर्गच्या परातींवरून
पाठवलेले सहा महिने.
अर्जात एक रकाना होता: जोखीम.
तिने विचारलं, कोणाची?
एस्पेनने पेनाचं टोपण लावलं, काढलं,
चहाकडे बघत म्हणाला, चांगला प्रश्न आहे.
रकान्यात आम्ही 'गारपीट' लिहिलं.

यंत्र आलं. पोटावर निळा स्टिकर,
अमुक देशाच्या जनतेकडून.
मुकद्दसने त्यावर बोट ठेवलं: आणि माझ्या गाई?
त्यांना कुठं चिकटवू?
एस्पेन हसला,
कारण मी हसत सांगितलं.

दोन हंगाम बरे गेले. अकरा बायका बिया काढायला.
गंधकाची धुरी न दिलेला जर्दाळू काळा पडतो;
तिकडे त्यालाच भाव, इकडे सासू म्हणते, करपवलास.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प संपला, ठरल्या तारखेला.
झाडांना कोणी कळवलं नव्हतं.
ऐन तोडणीत पंख्याचं बेअरिंग गेलं.
मी फोन लावला. एस्पेन आता दुसऱ्या खंडात,
कोंबड्यांच्या प्रकल्पावर.

मग शोदमोन आला, बस डेपोमागचा वेल्डर,
कापसाच्या बंद गिरणीतलं बेअरिंग रुमालात बांधून.
रात्रभर कानस घासत बसला. पहाटे पंखा फिरला,
जरासा खोकत.
पुढच्या उन्हाळ्यात त्याने तसंच एक यंत्र केलं,
पत्र्याचं, कुरूप, तिसऱ्या हिश्श्यात.
मग आणखी चार. सगळी उधारीवर.

अंतिम अहवाल दोन वर्षांनी माझ्याकडेच भाषांतराला आला.
लाभार्थी उद्योग: एक.
शोदमोनची एक ओळ मी पदरची घातली,
मग खोडली.
पुढचा अहवालही मलाच मिळायला हवा होता.

काल मुकद्दसकडे गेले होते.
स्टिकर उन्हाने पांढरा पडलाय, देशाचं नाव उडालंय,
'जनतेकडून' एवढंच उरलंय.
खरवडून टाकू का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली, आता बरोबर आहे.
आणि मूठभर जर्दाळू, काळे,
माझ्या खिशात कोंबले, वजन न करता.