हॉब्डेची दाढ

आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या होत्या.
पेन्झान्सपलीकडे, एका बंद पडलेल्या गोठ्यात,
चालकाच्या जागेवर खुडूक बसलेली एक तांबडी
काही केल्या उठेना,
शेवटी डेन्झिलने तिचेही पैसे दिले.
मॉर्गन, सन पंचावन्न. कोंबडी, वय माहीत नाही.
मी म्हटलं, दोघींतली एक तरी अंडं देईल.

जन्मभर होड्या बांधलेला माणूस.
ह्या मोटारीचा सांगाडा लाकडाचा असतो
हे कुणीतरी त्याला सांगितलं, आणि झालं.
पत्रा म्हणजे नुसता अंगरखा, म्हणाला,
आत ॲशचं लाकूड आहे, बरगड्यांसारखं.
बरगड्या भुंग्यांनी खाल्ल्या होत्या.
बोट टेकवलं की पीठ.

सहा वर्षं.
माझ्या ओव्हनमध्ये रंग वाळत ठेवलेले दिवे,
सुपाच्या पातेल्यात कार्ब्युरेटर,
रविवारच्या मटणाला रॉकेलचा वास.
मुलगी फोनवर विचारायची, बाबा कुठेत?
खाली, मी म्हणायची.
कशाखाली ते तिला माहीत होतं.

डाव्या दाराचं अस्तर उचकटलं त्या दुपारी
त्याने मला हाक मारली,
ओरडून नाही, चर्चमध्ये मारतात तशी.
लाकडावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं:
आर. हॉब्डे. शुक्रवार. दाढ ठणकतेय.

बस, एवढंच.
माल्व्हर्नच्या कारखान्यातला कुणी सुतार,
भोंग्याला दोन तास उरलेले,
गालात लवंग धरून पट्ट्या जोडत असेल.
माणसांना सांगून काय होणार,
म्हणून लाकडाला सांगितलं.
अडुसष्ट वर्षं ती दाढ ह्या दारात होती.
वर कोंबड्या झोपायच्या.

पट्टी दोन्ही टोकांनी कुजलेली.
आणि डेन्झिल तो,
ज्याने स्वतःच्या बापाची होडी सरपणाला फोडली,
कुजक्या फळीशी नातं ठेवलं की समुद्र वसूल करतो, म्हणत.
पंधरा दिवस तो त्या दाराशी बसला.
अक्षरांपुरता वीतभर तुकडा राखला,
त्याला राळ पाजली थेंबाथेंबाने,
दोन्हीकडून नवं लाकूड तिरकस सांध्याने जोडलं,
आणि वर अस्तर ठोकून टाकलं.
मला म्हणाला, कुणाला बोलू नकोस.

ट्रुरोच्या मैदानात प्रदर्शन होतं.
परीक्षक मिस्टर फॅन्शॉ
आरसा आणि विजेरी घेऊन गवतावर आडवे झाले.
स्क्रूच्या डोक्याला चीर हवी, ही फुली आहे,
दोन गुण वजा.
मग उठून गुडघे झटकले,
डाव्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केली,
कान दिला, म्हणाले, हं.
मी डेन्झिलकडे पाहिलं.
तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

चौथा नंबर. एक टॉवेल मिळाला.

परतताना रिमझिम, कापडी टपातून
नेमकी माझ्याच मांडीवर गळती.
चाळीसच्या पुढे काटा गेला की
माझ्या बाजूचं दार बारीक कण्हतं.
बिजागरी बघायला हवी, डेन्झिल म्हणतो.
बघू की, मी म्हणते, सोमवारी.
आणि दारावर तळवा ठेवते,
सुजलेल्या गालावर ठेवतात तसा,
झेनॉरचं वळण येईपर्यंत.